गाइसलिंगेन आन डेअर श्टाइगे : घाटाच्या पायथ्याचं स्टेशन, काही शंका

घाटमाथा यांनी विचारलं :

जर्मनीत स्टुटगार्ट–उल्म मार्गावर गाइसलिंगेन (श्टाइगे) नावाचं स्टेशन आहे. लोकवस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास, म्हणजे गाव लहानच. 'श्टाइगे' म्हणजे चढण, आपल्या भाषेत घाट. स्टेशनातून गाडी सुटली की लगेच श्वाबियन आल्ब डोंगरावर चढायला लागते आणि आमश्टेटेनला माथ्यावर पोचते. या स्टेशनाच्या इतिहासाबद्दल वाचताना चार ठिकाणी अडकलो आहे :

१. सुरुवातीचं वर्ष कुठे १८४९ दिलंय, कुठे १८५०. नक्की कोणतं?
२. 'युरोप खंडातली पहिली डोंगर ओलांडणारी रेल्वे' हा दावा खरा आहे का?
३. इथे मागून इंजिन लावत, ते आपल्या कर्जतसारखंच का? गाडीला जोडत की नुसतं टेकवत?
४. या स्टेशनाचं एक जुनं पोस्टकार्ड आहे. वर ओव्हरहेड वायर दिसते, फलाटावरच्या डब्याच्या दाराजवळ '३' आकडा आहे, बाजूच्या रुळावर लांब नाकाचं इंजिन, पाटीवर 'ई ९३' एवढंच वाचता येतं. मागे दहा फेनिगचं हिरवं तिकीट, त्याच्या शेजारी अगदी छोटं निळं तिकीट. शिक्क्यातलं वर्ष पुसलंय. पत्त्यात गावाच्या आधी कंसात १४ आणि लहान 'ए' असं काहीतरी आहे. याचा काळ कसा ठरवायचा?

---

सांधेवाला :

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

दोन्ही वर्षं बरोबर आहेत. व्युर्टेमबेर्ग राज्याने १८ एप्रिल १८४३ च्या कायद्याने सरकारी खर्चाने रेल्वे बांधायचं ठरवलं. स्टुटगार्टकडून येणारा मार्ग तुकड्यातुकड्याने उघडत गेला. झ्युसेन ते गाइसलिंगेन हा तुकडा १४ जून १८४९ ला सुरू झाला आणि घाटाचा भाग धरून गाइसलिंगेन ते उल्म २९ जून १८५० ला. म्हणजे जेमतेम वर्षभर गाइसलिंगेन हे शेवटचं स्टेशन होतं. त्या वर्षात उल्मला जाणारा उतारू इथे उतरून पुढचा डोंगर घोडागाडीने चढायचा. गाव मोजताना १८४९ धरा, मार्ग मोजताना १८५०.

रेल्वे या फिल्स नदीच्या दरीतून न्यायची की रेम्स आणि ब्रेन्झ नद्यांच्या दऱ्यांतून लांबचा वळसा घालून, यावर बराच खल झाला होता. लांबचा मार्ग सौम्य चढाचा होता, फिल्सचा जवळचा पण मध्ये डोंगर. विन्योल्स या इंग्रज इंजिनिअरलाही सल्ल्यासाठी बोलावलं होतं (रुळाच्या एका आकाराला ज्याचं नाव पडलं तोच हा). अखेर फिल्सची दरी ठरली. कार्ल एट्सेल प्रमुख, घाटाचं प्रत्यक्ष काम मिखाएल क्नोलकडे. एट्सेल पुढे ब्रेनर खिंडीच्या रेल्वेपर्यंत पोचला. ती १८६७ ला उघडली, पण तो १८६५ लाच गेला. क्नोल त्याहून आधी, १८५२ मध्ये गेला. त्याचं स्मारक घाटात रुळांजवळच आहे.

आकडे असे : लांबी ५.६ किलोमीटर, उंचीतला फरक ११२ मीटर, सर्वांत तीव्र चढ १:४४.५ म्हणजे हजारी २२.५, सर्वांत लहान वळण २७८ मीटर त्रिज्येचं. ११२ ला ५,६०० ने भागलं तर १:५० येतं, म्हणून काही ठिकाणी १:५० छापलेलं दिसेल. ती सरासरी आहे. गाडीचं वजन ठरतं ते १:४४.५ वर.

'पहिली' हा दावा मात्र सोडून द्यावा. बव्हेरियात नॉयेनमार्क्ट-विर्सबेर्गहून मार्क्टशोरगास्टला चढणारी 'शीफे एबेने' १८४८ मध्येच सुरू झाली होती आणि तिचा चढ १:४०, म्हणजे याहून तीव्र. ऑस्ट्रियाची झेमरिंग १८५४ ची. तेव्हा गाइसलिंगेन झेमरिंगच्या चार वर्षं आधी, शीफे एबेनेच्या दोन वर्षं नंतर. फरक एवढाच की आमश्टेटेनला माथ्यावर ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांच्यातली पाणलोट रेषा ओलांडली जाते. इकडचं पाणी फिल्स, नेकार करत उत्तर समुद्राकडे, तिकडचं काळ्या समुद्राकडे. 'पहिली' हे विशेषण याच्या जोरावर चिकटलं असावं.

आणि भोर घाटाशी तुलना करताना गणित जपून करा. आपला चढ १:३७ चा, उंची साडेपाचशे मीटरहून जास्त, काम पुरं १८६३ ला. चढाच्या मापात गाइसलिंगेन आपल्यापुढे पोरगंच आहे. त्याचं महत्त्व वेगळं : एका मोठ्या मुख्य मार्गाची सगळी वाहतूक पावणेदोनशे वर्षं या साडेपाच किलोमीटरांतून गेली.

---

मागचं_इंजिन :

प्रश्न ३ चं उत्तर : तत्त्व कर्जतचंच, तपशील वेगळा.

आधी इंजिन मागे का, पुढे दुसरं का नाही ते बघू. युरोपात मालगाड्यांना अजून स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर आहेत, आपल्यासारखं सीबीसी (डब्याच्या मधोमध असलेलं, आपोआप जुळणारं कपलिंग) सर्रास नाही. स्क्रू कपलिंग ओढीला कमजोर. चढावर सगळा भार पुढून ओढला तर पहिल्या दोन-तीन डब्यांच्या हुकावर पूर्ण गाडीची ओढ येते आणि हूक तुटतो. मागून ढकललं की भार वाटला जातो. शिवाय मागचं इंजिन चढावर गाडीला उशी देतं. मधेच कपलिंग तुटलं तर मागचे डबे उलटे गडगडत स्टेशनात येत नाहीत.

आता हिशोब. १,२०० टनांची मालगाडी घ्या. हजारी २२.५ चढावर दर टनाला २२.५ किलो ओढ लागते, म्हणजे २७,००० किलो. रुळावरचं घर्षण आणि २७८ मीटरचं वळण मिळून दर टनाला साडेचार किलो धरा, म्हणजे आणखी ५,४००. बेरीज ३२,४०० किलो, सुमारे ३१८ किलोन्यूटन. इंजिनाला स्वतःलाही चढायचंय : ११८ टनांच्या ई ९३ साठी (तुमच्या कार्डावरचं विजेचं इंजिन) आणखी ३१ किलोन्यूटन. झाले ३४९. आता ई ९३ च्या सहाही धुऱ्या ओढणाऱ्या आहेत, सगळं वजन चाकांवर. कोरड्या रुळावर पकड ०.३ धरली तर ३४७ किलोन्यूटन मिळतात. म्हणजे कोरड्यात काठावर नापास. पाऊस, दव किंवा ऑक्टोबरातली पडलेली पानं असली की पकड ०.२ वर येते, मग मिळतात फक्त २३१. वाळू टाकली तरी भरवसा नाही. म्हणून दुसरं इंजिन ही चैन नव्हती. आजचं चार धुऱ्यांचं १८५ वर्गाचं इंजिन सुरुवातीला ३०० किलोन्यूटन देतं खरं, पण वजन ८५ टनांच्या आसपास. ओल्या रुळावर तेही १६०-१७० च्या पुढे जात नाही. म्हणून जड मालगाड्यांना मागचं इंजिन आजही लागतं. अश्वशक्ती वाढली, पकड तीच राहिली.

पद्धत : गाडी गाइसलिंगेनला उभी राहते. मागचं इंजिन हळू येऊन शेवटच्या डब्याच्या बफरांना टेकतं. इथे जोडणं आणि टेकवणं या दोन वेगळ्या गोष्टी. जोडलं तर ब्रेकची हवेची नळीही जोडता येते, पण मग माथ्यावर सोडायला गाडी थांबवावी लागते. टेकवलं तर आमश्टेटेनला चालू गाडीपासून इंजिन आपोआप मागे राहतं, वेळ वाचतो. ढकलणं कुठे थांबवायचं याचा जर्मन सिग्नल पुस्तकात स्वतंत्र फलकच आहे आणि ढकलून परत येणाऱ्या इंजिनांसाठी वेगळे सिग्नल आहेत.

सुरुवात करताना आधी मागचा दाबतो, बफर मिटतात, गाडीतली ढील निघते, मग पुढचा ओढतो. उलट झालं तर झटका बसतो. पूर्वी हे शिट्ट्यांवर चालायचं, आता रेडिओवर.

काय बिघडू शकतं : टेकवलेल्या इंजिनाला गाडीच्या ब्रेकच्या नळीतला दाब कळत नाही. पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि मागचा ढकलतच राहिला, तर वळणावर मधले हलके रिकामे डबे चिमटीत सापडून बाहेर फेकले जातात. म्हणून रिकामे चपटे वाघिणीचे डबे शेवटाकडे लावायचे नाहीत. दुसरं, ढकलताना इंजिन एकदा मागे सुटलं तर चालत्या गाडीला पुन्हा जाऊन टेकायचं नाही. दोन-चार किलोमीटर वेगाचा फरकसुद्धा शेवटच्या डब्याला धडक म्हणून पोचतो.

उताराचाही घोळ कमी नव्हता. हवेचे ब्रेक मालगाड्यांना येण्याआधी डब्यांवरच्या टपऱ्यांत ब्रेकमन बसायचे आणि शिट्टीवर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. जुन्या फोटोत मालडब्याच्या टोकाला उंच खोपटं दिसतं ते यांचं. जर्मनीत मालगाड्यांसाठी कुन्त्से-क्नोर ब्रेक सर्रास बसला तो पहिल्या महायुद्धानंतर.

---

घाटमाथा :

दोघांचेही आभार. हिशोब पाहून बरंच उकललं. वाफेच्या काळात मग कोणती इंजिनं होती? आणि ई ९३ ला 'मगर' का म्हणतात? आपल्याकडे डब्ल्यूसीजी-१ ला खेकडा म्हणत, तसंच काही?

---

मागचं_इंजिन :

सगळ्यात आधी 'आल्ब' वर्गाची, तीन जोडधुऱ्यांची. ती एस्लिंगेनच्या इंजिन कारखान्यात बनली. तो कारखाना १८४६ चा, आणि तोही याच मार्गावर. शेवटी आला व्युर्टेमबेर्गचा 'के' वर्ग : एकाच सांगाड्यात सहा जोडधुऱ्या, पुढे एक लहान धुरी, चार सिलिंडर. १९१७ ते १९२४ मध्ये ४४ इंजिनं बनली. जर्मनीत एका सांगाड्यात सहा जोडधुऱ्यांचं दुसरं इंजिन नाही. राइशबानच्या (तेव्हाच्या जर्मन सरकारी रेल्वेच्या) नव्या क्रमांकात ती '५९' झाली. १९३३ मध्ये मार्गावर वीज आली (१५ किलोव्होल्ट, १६⅔ हर्ट्झ) आणि ही इंजिनं इथे निरुपयोगी ठरली. त्यातली बरीच पुढे झेमरिंगला गेली.

ई ९३ त्याच वेळचं. १९३३ ते १९३९ मध्ये १८ बनली, मुख्यतः या घाटासाठी. मधे केबिन, दोन बाजूंना खाली उतरलेली लांब नाकं, तीन तुकड्यांत मोडणारं अंग, म्हणून 'जर्मन मगर'. खरी मगर स्वित्झर्लंडची, आणि आपला खेकडा तिच्याच घराण्यातला. खेकड्याला चाकांना जोडणारे दांडे आहेत, ई ९३ ला नाहीत, प्रत्येक धुरीला वेगळी मोटर आहे. फोटोत दांडा दिसला तर ते ई ९३ नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

जाता जाता : याच मार्गावर खाली ग्योपिंगेन लागतं. ज्या मेर्कलिन कंपनीच्या खेळण्यातल्या मगरीवर जगभरचे लोक पैसे उधळतात, ती तिथलीच.

---

जुनी_तिकिटं :

पोस्टकार्डाचं बघू. नियम एक : टपालाची तारीख आणि फोटोची तारीख वेगळ्या काढायच्या. नाहीतर वीस वर्षांनी चुकता.

आधी टपाल. छोटं निळं तिकीट म्हणजे 'नोटओप्फर बर्लिन', नाकेबंदीतल्या बर्लिनसाठीचा दोन फेनिगचा सक्तीचा कर. १ डिसेंबर १९४८ ते ३१ मार्च १९५६ इतकाच काळ ते लागायचं. दहा फेनिगच्या हिरव्या तिकिटावर भोंग्यासारखं शिंग आणि मोठा आकडा असेल तर ती 'पोस्टहॉर्न' मालिका, १९५१ पासूनची. भिंगातून बघून सांगा. शिंग असेल तर कार्ड १९५१ ते मार्च १९५६ मध्ये टाकलेलं. कंसातलं '१४ ए' म्हणजे युद्धाच्या काळात सुरू झालेला टपाल विभाग, १४ म्हणजे व्युर्टेमबेर्ग आणि 'ए' म्हणजे त्याचा उत्तर भाग. चार आकडी पिनकोड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आले (गाइसलिंगेन ७३४०), पाच आकडी १ जुलै १९९३ ला (७३३१२). तुमच्या कार्डावर हे दोन्ही नाहीत, म्हणजे जुळतंय.

आता फोटो. वायर आहे म्हणजे १९३३ च्या नंतरचा. ई ९३ म्हणजेही तेच, आणि १९६८ च्या आधीचा, कारण त्या वर्षीपासून हा वर्ग '१९३' झाला. दारावरचा '३' म्हणजे तिसरा वर्ग, तो ३ जून १९५६ ला बंद झाला. तर फोटो १९३३ ते १९५६ यांतला कधीचाही असू शकतो. आणि इथेच लोक फसतात. प्रकाशक युद्धाआधीच्या फोटोच्या काचा (निगेटिव्ह) युद्धानंतर पुन्हा छापत, फक्त झेंडे आणि गरुडावरचं स्वस्तिक ब्रशने पुसून टाकत. इमारतीवर किंवा डब्यावर चौकोनी, आजूबाजूपेक्षा गुळगुळीत राखाडी ठिगळ दिसलं तर पुसलंय समजा. मालडबे दिसत असतील तर त्यांच्या बाजूवरची अक्षरं वाचा. 'ब्रिट-यूएस-झोन' (ब्रिटिश-अमेरिकन ताब्यातला भाग) अशी खूण असेल तर फोटो नक्की युद्धानंतरचा. रेल्वेचं नाव 'डॉइचे बुंडेसबान' असेल तर सप्टेंबर १९४९ च्या नंतरचा.

स्कॅन करताना १,२०० डीपीआय ठेवा आणि कार्ड तिरकं करून एक फोटो बाजूच्या उजेडात काढा. पुसलेल्या शिक्क्याचा दाब कागदात राहतो, शाई गेली तरी वर्षाचे शेवटचे दोन आकडे अशा उजेडात बऱ्याचदा सापडतात.

याहून जुनी कार्डं मिळाली तर : पाठीमागे मजकूर आणि पत्ता यांच्यात उभी रेघ नसेल, तर कार्ड १९०५ च्या आधीचं.

---

जुनी_तिकिटं (पुढे) :

कागदपत्रं शोधणार असाल तर चार खड्डे आधीच दाखवून ठेवतो.

गाइसलिंगेन नावाची गावं एकाहून जास्त आहेत. बालिंगेनजवळही एक आहे. शोधताना नेहमी 'श्टाइगे' जोडा.

जुनी वर्तमानपत्रं फ्राक्टूर या जुन्या जर्मन छपाईच्या लिपीत. त्यातला लांब 'स' हुबेहूब 'फ' सारखा दिसतो, म्हणून संगणकाने वाचलेल्या मजकुरात गाव 'गाइफ्लिंगेन' होऊन बसतं. ते हिज्जे घालूनही शोधा, निम्मा माल तिथे पडलेला असतो.

१८७२ आधीची मापं मीटरमध्ये नाहीत. व्युर्टेमबेर्गचा फूट २८.६५ सेंटिमीटरचा आणि त्यात दहा इंच. इंग्रजी फूट समजून गुणलंत तर प्रत्येक लांबी सहा टक्क्यांनी फुगते, आणि चढाचे आकडे मात्र बरोबर येतात (गुणोत्तर असल्याने), त्यामुळे चूक लवकर कळत नाही.

चौथं, वेळापत्रक. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्युर्टेमबेर्ग स्वतःची वेळ पाळायचं आणि बव्हेरिया म्युनिकची. दोन्हींत साडेनऊ-दहा मिनिटांचा फरक, आणि उल्मला डॅन्यूब ओलांडली की बव्हेरिया सुरू. गाइसलिंगेनहून आउग्सबुर्गपर्यंतचा प्रवासाचा वेळ सरळ वजाबाकीने काढलात तर दहा मिनिटं इकडची तिकडे होतात. मुंबई टाइम आणि मद्रास टाइमचा गोंधळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.

रेल्वे प्रशासनाच्या फायली लुडविग्सबुर्गच्या राज्य अभिलेखागारात, गावची कागदपत्रं गावाच्या अभिलेखागारात. १:२,५०० चे जुने जमीन मोजणीचे नकाशे रेल्वेच्या आधीचे आहेत. त्यावर आजचा नकाशा ठेवला की रूळ कुणाच्या शेतातून गेले ते वाफ्यासकट दिसतं.

---

फिल्सकाठ :

धागा चांगला चाललाय, पण सगळं इंजिनांवरच घसरलंय. स्टेशनाने गावाचं काय केलं तेही नोंदवू या.

दानिएल श्ट्राउब नावाचा गिरणीवाला होता. रेल्वेचं बांधकाम गावात आलं तेव्हा त्याने त्या कामाची दुरुस्ती आणि पुरवठा अंगावर घेतला. त्यातून यंत्रांचा कारखाना उभा राहिला, १८५३ मध्ये श्वाइट्झर बंधूंबरोबर धातूच्या भांड्यांचा कारखाना काढला, आणि १८८० मध्ये एस्लिंगेनच्या रिटर कंपनीशी विलीन होऊन त्याची डब्ल्यूएमएफ झाली. तुमच्या घरी चमचे-सुऱ्यांवर ती तीन अक्षरं असतील तर मूळ या घाटाच्या कामात आहे. पुढे शेजारच्या आल्टेनश्टाटला लोहखनिजाची खाणही होती, तिचं खनिज रेल्वेनेच बाहेर जायचं. आल्टेनश्टाट १९१२ मध्ये गाइसलिंगेनात आलं. तिथलं स्टेशन म्हणजे आजचं गाइसलिंगेन वेस्ट.

१९०३ मध्ये गाइसलिंगेनहून वीझेनश्टाइगला फाटा निघाला, फिल्सच्या वरच्या दरीत. लोक त्याला 'टेलेसबान' म्हणत, दरीतली गाडी. उतारू वाहतूक १९६८ ला बंद पडली, माल आणखी काही वर्षं चालला. आता बऱ्याचशा वाटेवर सायकलचा रस्ता आहे. तेव्हा जुन्या फोटोत स्टेशनात तिसऱ्या-चौथ्या रुळावर छोटी गाडी स्वतंत्र उभी दिसली तर ती बहुधा ही.

एक नोंद टाळता येणार नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात आउशविट्झहून सुमारे ७०० हंगेरियन ज्यू स्त्रियांना इथे आणलं आणि डब्ल्यूएमएफच्या कारखान्यात वेठीला जुंपलं. नात्सवायलर छळछावणीची ती उपछावणी होती. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा डब्यांत भरून बव्हेरियाकडे हलवलं. युद्ध संपल्यावर हेच गाव एस्टोनियन निर्वासितांच्या मोठ्या छावणीचं ठिकाण झालं, हजारो माणसं १९५० च्या आसपासपर्यंत इथे होती. १९४५–५० मधल्या फोटोत फलाटावर बोचकी घेऊन बसलेली माणसं दिसली तर त्याखाली 'सहलीला निघालेले प्रवासी' असं लिहू नये. असे मथळे पाहण्यात आहेत.

---

घाटमाथा :

तिकिटावर शिंग आहे. कागद तिरका धरल्यावर शिक्क्यात '५४' दिसतंय, पहिला आकडा पक्का, दुसरा ४ किंवा १.

आता आयसीईबद्दल (जर्मनीची वेगवान लांबची गाडी) : डिसेंबर २०२२ नंतर बहुतेक लांबच्या गाड्या इथून जात नाहीत हे वाचलं. नवी लाइन सौम्य चढाची असणार, मग मालगाड्याही तिकडेच का पाठवत नाहीत?

---

सांधेवाला :

गंमत इथेच आहे. वेन्डलिंगेन–उल्म ही नवी लाइन जुन्यापेक्षा सौम्य नाही, तीव्र आहे : काही ठिकाणी हजारी ३१ पर्यंत. ती ११ डिसेंबर २०२२ ला उघडली, वेग ताशी २५० किलोमीटर. जुन्या घाटात वळणांमुळे आयसीईलाही ताशी ७० वर यावं लागायचं. आयसीई हलकी, मोटरा जास्त आणि चालत्या चाकांचं वजनही पुरेसं, त्यामुळे चढ तिला सोसतो, वळण सोसत नाही. मालगाडीचं बरोबर उलट : वळणाचं तिला काही नाही, चढाने मरते. वरचा हिशोब २२.५ च्या जागी ३१ घालून करून बघा, १,२०० टनांना नुसत्या चढापोटीच ३७,२०० किलो. म्हणून जड माल अजून १८५० च्या मार्गाने जातो आणि गाइसलिंगेनचा घाट मोकळा पडलेला नाही. स्टेशनात थांबतात त्या आता प्रादेशिक गाड्या, स्टुटगार्ट–उल्म एमईएक्स १६.

आणि फिल्सकाठ यांनी सांगितलेला टेलेसबानचा मार्ग नकाशावर पुढे न्या. म्यूलहाउझेन गावाजवळ नवी लाइन एका बोगद्यातून बाहेर येते, ८५ मीटर उंचीच्या, ४८५ मीटर लांब पुलावरून फिल्सची दरी ओलांडते आणि समोरच्या बोगद्यात शिरते. उजेडात राहते काही सेकंदच. खाली जिथून बंद पडलेली टेलेसबान जायची तीच ही दरी.

---

जुनी_तिकिटं :

'५४' आणि '५१' यांतला निवाडा तिकिटाच्या मालिकेने होणार नाही, दोन्ही वर्षं बसतात. शिक्क्यातला दिवस-महिना वाचता येतोय का बघा. मार्च १९५१ वगैरे आलं तर पोस्टहॉर्नचं ते दहा फेनिगचं तिकीट नेमकं कोणत्या महिन्यात निघालं ते तिकिटांच्या सूचीत पाहून ताडा. तिकीट निघण्याआधीचा शिक्का असेल तर ५१ बाद. आणि निळ्या तिकिटाच्या कडा तपासा, दातेरी आहेत की सरळ कापलेल्या. दोन्ही प्रकार निघालेत, सूचीत ते वेगळे दिलेले असतात. हे दोन्ही इथे टाका, आणि जमलं तर इंजिनाच्या पाटीचा तुकडा मोठा करून. ई ९३ नंतरचे दोन आकडे मिळाले तर, अठराच इंजिनं असल्यामुळे, फोटोची खालची मर्यादा १९३३ ऐवजी त्या इंजिनाच्या बांधणीच्या वर्षावर आणता येईल.